सावलीचं चित्र

महादेवीबाईंना मी पहिल्यांदा बघितलं ते लातूरच्या गंजगोलाईत, एका भुसार दुकानासमोर. रिकाम्या पोत्यांचा ढीग पडला होता. त्या ढिगाशेजारी उकिडवी बसून एक मध्यम वयाची बाई पोत्यावरून बोट फिरवत होती. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगावर निळं इरकली लुगडं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, बाई रडते आहे. जवळ गेले तर मलाही शिंका सुरू झाल्या. पोतं मिरचीचं होतं.

दुकानदार वैतागून म्हणत होता, "न्यायचं आसंल तर न्या, न्हाईतर उठा. गिऱ्हाइकाची वाट अडून राहिली."

"पोतं नको. ह्यावरचं अक्षर कुणी काढलंय तेवढं सांगा."

पोत्यावर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगात 'धर्माबाद' असं उमटवलेलं होतं. दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि तो आत निघून गेला. मग ती माझ्याकडे वळली. ओळख ना पाळख. "हे बघा. साच्यातनं काढायचं म्हणून प्रत्येक अक्षर मधे तोडावं लागलंय. तुटलंय, तरी वाचता येऊन राहिलं. लई डोकं लावलंय कुणीतरी." एवढं बोलून पदरानं नाक पुसत ती चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर शिक्षकखोलीत तीच बाई बसलेली. आमच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला नव्यानं आली होती. मी मराठी शिकवत असे. मुख्याध्यापिकेनं आमची ओळख करून दिली तेव्हा बाई म्हणाल्या, "ओळख झालीय आमची. मिरचीनं करून दिली."

त्या उदगीरच्या. घरी कानडी, गल्लीत मराठी, आणि लहानपणी निजामाच्या राज्यातली शाळा, म्हणून पहिली अक्षरं गिरवली ती उर्दू. नवरा लग्नानंतर लवकर गेला. सासरच्यांनी पुढं शिकू दिलं. "तेवढं एक केलं त्यांनी," असं त्या म्हणत आणि विषय संपवत. तीन लिप्या डोळ्यांत बसलेल्या असल्यामुळे असेल, पण त्यांना अक्षर हे माणसासारखं दिसे. कुठलं दमलेलं आहे, कुठलं उगाच छाती काढून उभं आहे, हे त्या सहज सांगत. "उर्दूतला अलिफ बघा, एकटा उभा राहतो. त्याला डोक्यावर रेघ लागत न्हाई धरून ठेवायला," असं एकदा म्हणाल्या. तेव्हा त्या अक्षराबद्दल बोलत होत्या की स्वतःबद्दल, हे मला कळलं नाही.

वर्गात त्यांची एक पद्धत होती. तास सुरू झाला की पिशवीतून एक वस्तू काढायची आणि टेबलावर ठेवायची. 'आजची वस्तू' म्हणत त्याला. काडेपेटी, उदबत्तीचा पुडा, एसटीचं तिकीट, साबणाचा कागद, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. कधी वाण्यानं जिरं बांधून दिलेली पुडी उलगडून, इस्त्री करून आणलेली. काडेपेटीवरचा वाघ दाखवून त्या पोरींना म्हणत, "एवढुश्या जागेत वाघ बसवला, पण शेपूट कापू दिली न्हाई चित्रकारानं. वळवून पोटाशी घेतली. बघा की!" पोरी खिदळत. पण महिन्याभरात त्याच पोरी घरून वस्तू आणायला लागल्या. एकीनं तर आजोबांच्या तपकिरीची डबी आणली आणि आजोबा ती शोधत शाळेपर्यंत आले.

ह्या सगळ्यावरून बाई फार गोड असतील असं कुणाला वाटेल. तशा नव्हत्या. त्यांच्या जिभेला धार होती आणि ती म्यान करायची त्यांना सवय नव्हती. शाळेच्या प्रशस्तिपत्रकावर चारही कोपऱ्यांत मोर होते. बाई ते बघून मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, "पोरीचं नाव मोरांच्या पिसाऱ्यात शोधावं लागतं. बक्षीस पोरीला दिलंय का मोराला?" मोर मुख्याध्यापिकेच्या यजमानांनी काढलेले होते. लोक लग्नपत्रिका काढून द्या म्हणून घरी यायचे आणि कमी मजकूर, भरपूर मोकळी जागा असलेला नमुना पाहून रागावून परत जायचे. "बाई, कागुद रिकामा का ठिवला? आमी काय भिकारी हाव का?" असं एकानं विचारलेलं मी ऐकलं आहे.

मलाही त्यांनी सोडलं नाही. शाळेचं भित्तिपत्रक आम्ही दोघी मिळून काढायचो. मजकूर माझा, मांडणी त्यांची. मी लिहिलेलं त्या हातात घेत आणि पेन्सिलीनं विशेषणं उडवत सुटत. "रमणीय कशाला? मनोहारी कशाला? मोरेबाई, भाजीत तेल तरंगून राहिलंय. खाणाऱ्याला भाजी दिसू द्या." मी चिडत असे. माझं शिक्षण भाषेतलं, ह्या चित्रकलेच्या! पण त्यांनी काढून टाकलेला शब्द परत घालायला गेले की तो बसायचा नाही, हेही खरं.

एकदा सहलीला औशाकडच्या एका गावात गेलो होतो. तिथल्या विहिरीच्या रहाटाला पत्र्याचा तुकडा तारेनं बांधला होता आणि त्यावर खडूनं कुणीतरी लिहिलं होतं: विहिरीत गाळ आहे. पोहरा हळू सोडा. बाई तिथंच थांबल्या. पोरी पुढं निघून गेल्या. "काय आहे आणि काय करायचं. संपलं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा चांगलं मराठी तुमच्या पुस्तकात असंल तर मला दाखवा." मी परत आल्यावर पुस्तकं चाळली. दाखवायला गेले नाही.

मग दुष्काळ आला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही तेव्हा विहिरींत गाळसुद्धा उरला नाही. रस्त्यांची आणि खडी फोडायची सरकारी कामं निघाली. शाळेतल्या आम्हा काही जणींना रविवारी त्या कामांवर पाठवत, मजुरांच्या मुलांना सुकडी, म्हणजे दुष्काळातलं सरकारी पौष्टिक पीठ, वाटायला. आमच्या वाट्याला लातूरपासून थोड्या अंतरावरची एक उघडी टेकडी आली होती. शे-दोनशे बायका उन्हात ओळीनं बसून दगड फोडत होत्या. त्यांची लेकरं खडीच्या ढिगाआड, जिथं हातभर सावली पडेल तिथं निजवलेली. सूर्य सरकला की आई उठून लेकरू सरकवायची. मुकादम ओरडायचा, मग ती पळत परत जागेवर.

तिथं गिरजा नावाची एक तरुण मजूरबाई होती. तिचं तान्हं पोर, मुलगा, काळासावळा, डोक्यावर दाट जावळ. बाई त्याच्यापाशी बसल्या आणि कागद काढून त्याचं चित्र काढलं. झोपलेलं पोर, मूठ तोंडाशी. गिरजानं हातोडा थांबवून चित्र बघितलं आणि लाजून हसली. "हुबेहूब हाय," म्हणाली. "तेवढं नाक बापावर गेलंय, ते बी आलं की ह्याच्यात."

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा गिरजा खडी फोडत होती. पोर नव्हतं. बाईंनी विचारलं, "लेकरू घरी ठिवलंस का?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "ऊन लागलं त्याला. बुधवारी गेलं." गिरजानं मान वर केली नाही. तिचा हातोडा पडत राहिला.

सोमवारी बाई शिक्षकखोलीत आल्या त्या हातात शासनाचं एक परिपत्रक घेऊनच. सुकडीच्या कामासाठी ते शाळेच्या कार्यालयात आलेलं होतं. मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागी सावली, प्यायचं पाणी, औषधाची पेटी, आणि मुलं सांभाळायला एक बाई, हे सगळं द्यायचं असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. स्पष्ट म्हणजे, सापडल्यावर स्पष्ट. एक एक वाक्य असं की सुरुवात करणाऱ्याला शेवट येईपर्यंत तहान लागावी.

"मोरेबाई," त्या म्हणाल्या, "हे त्या बायकांना कळलं पाहिजे. त्यांच्यातल्या एखादीला वाचता येत असंल, बाकीच्यांना चित्रच लागंल. तुम्ही ओळी लिवा."

मी लिहिल्या. त्यांनी कापल्या. मी पुन्हा लिहिल्या. शेवटी चार चित्रांखाली चार ओळी उरल्या. 'कामावर सावली मागा. हा नियम आहे.' 'कामावर पाणी मागा. हा नियम आहे.' असं. सावलीच्या चित्रात चार बांबूंवर ताणलेलं कापड होतं, खाली पाळणा, पाळण्याजवळ बसलेली म्हातारी, आणि पाळण्यात ते पोर. तेच जावळ, तोंडाशी तीच मूठ, बापावर गेलेलं नाक. जी सावली त्याला मिळाली नाही ती बाईंनी कागदावर त्याच्या डोक्यावर धरली होती. चित्र पुरं झाल्यावर त्यांनी ते मला दाखवलं आणि लगेच पालथं ठेवलं.

पत्रकं शाळेच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर निघाली. त्याच चार चित्रांचे मोठे रंगीत फलक बाईंनी हार्डबोर्डवर केले, शाळेच्या रंगांनी. स्वच्छतेबद्दल काहीतरी असेल असं समजून मुख्याध्यापिकेनं सही केली होती. पुढच्या रविवारी आम्ही सुकडीबरोबर पत्रकं वाटली आणि फलक टेकडीच्या पायथ्याशी वाळून गेलेल्या झाडांच्या बुंध्यांना टेकवून ठेवले.

आठवडा गेला नाही तोच टेकडीवरचं काम थांबलं. बायका हातोडे खाली ठेवून उठल्या आणि पत्रकं घेऊन मुकादमासमोर उभ्या राहिल्या. पुढं गिरजा होती. तिनं चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यातली सावली कुठं हाय?"

मुकादम म्हणाला, "चित्रातलं चित्रात आसतं."

"खाली लिवलंय, नियम हाय म्हून. वाचून घेतलंय आमी."

दुपारी साहेब लोक जीप घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कापड आलं, बांबू आले, पाण्याचं पिंप आलं. हे कळलं तेव्हा बाईंच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आधी आणि नंतर कधीच पाहिलं नाही. चित्र काढल्यामुळे जगात एक चौकोनभर सावली पडली, हे त्या हसण्यात होतं. कापड आठवडाभर टिकलं. साहेबांची पुन्हा चक्कर होणार नाही याची खात्री झाल्यावर मुकादमानं ते आपल्या खोपटावर घातलं. आणि गिरजाचं नाव कामावरून कमी झालं. तिच्याबरोबर पुढं झालेल्या आणखी काही जणींचंही. दुसऱ्या कुठल्या कामावर त्यांना कुणी घेईना. गिरजा आणि तिचा नवरा गाठोडं बांधून निजामाबादकडे गेल्याचं त्या म्हातारीनं सांगितलं.

आता संस्थेच्या अध्यक्षांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे तात्यासाहेब म्हणत. माणूस वरून मोठा मायाळू. आमच्या पोरींना पाठीवर हात ठेवून 'शिका बायांनो' म्हणणारा. टेकडीवरची खडी वाहून नेण्याचं काम त्यांच्या मेहुण्याकडे होतं आणि मुकादम त्यांच्याच माणसांतला. त्यांनी बाईंना बोलावलं. मीही बरोबर गेले.

तात्यासाहेबांसमोर पत्रक पडलेलं होतं. ते म्हणाले, "महादेवीबाई, हे तुमचं काम?"

"हाव."

"मजकूर माझा आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, जरा कीव आल्यासारखं. "मजकूर कोण वाचून राहिलंय, मोरेबाई? लोक चित्रं बघून बिथरलेत." मला शिक्षा द्यावी एवढीही माझ्या वाक्यांची किंमत त्यांना वाटली नाही. बाहेर आल्यावर महादेवीबाई म्हणाल्या, "त्यांना कळलं न्हाई. सावली हाय कुठं म्हणून गिरजानं विचारलं ते चित्र बघून. नियम हाय म्हणून ठासून सांगितलं ते तुमच्या ओळीनं." त्यांनी माझं लेखन चांगलं म्हणण्याची ती एकच वेळ.

बाईंची बदली देगलूरला झाली. संस्थेची तिथं एक लहान शाळा होती. हुकमात लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोय.' टेकडीवरून उचलून आणलेले फलक शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेले. बाईंनी ते मागितले. मिळाले नाहीत.

देगलूर म्हणजे एका बाजूला तेलंगण, एका बाजूला कर्नाटक. बाजारात एका दुकानाच्या पाटीवर मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडं कानडी. मी सुट्टीत भेटायला गेले तेव्हा मला वाटलं, ह्या बाईला इथं पाठवणं म्हणजे मुंगीला साखरेच्या गोदामात शिक्षा म्हणून ठेवणं. त्या खरोखरच काही दिवस त्या गोल गोल तेलुगू अक्षरांच्या नादी लागल्या होत्या. 'आजची वस्तू' तिथंही सुरू होती. पण संध्याकाळी त्या मला एसटी स्टँडवर घेऊन गेल्या. निजामाबादकडून येणाऱ्या गाड्या तिथं थांबत. कामाला गेलेली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उतरत. बाई बायकांना गाठून विचारत, "गिरजा म्हणून लातूरकडची कुणी भेटली का? काळीसावळी, उंच?" हे त्या रोज करत, असं स्टँडवरच्या चहावाल्यानं मला सांगितलं. गिरजा त्यांना कधी सापडली नाही.

दहाएक वर्षं अशी गेली. मग लातूर जिल्हा झाला.

त्या दिवसांचा उत्साह सांगून कळायचा नाही. इतके दिवस प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादची वाट धरावी लागे, आता आपलं कार्यालय, आपला कलेक्टर. चौकाचौकांत कमानी उभ्या राहिल्या. संस्थेनंही मोठा समारंभ ठरवला. त्यात एक प्रदर्शन होतं, संस्थेनं केलेल्या लोकसेवेचं. तात्यासाहेब स्वागताध्यक्ष. महादेवीबाईंना देगलूरला निमंत्रण गेलं, 'आपल्या जुन्या चित्रांचा सन्मान करण्याचे योजिले आहे.' त्या आल्या. नवं लुगडं नेसून आल्या. मी स्टँडवर घ्यायला गेले तर गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "कमानीवरचा 'ल' बघितला का? लई देखणा हाय." मला फार बरं वाटलं.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. दार ओलांडलं की समोरच, हार घालून, चारही फलक लावलेले. रंग थोडे उतरलेले, पण कापडाखाली पाळणा आणि पाळण्यात ते पोर तसंच. बाईंनी आधी चित्राकडे बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली. मूळच्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि त्यावर सुंदर अक्षरांत लिहिलं होतं: 'दुष्काळी कामांवर मजुरांच्या मुलांसाठी संस्थेने केलेली सावलीची सोय.'

बाकीच्या तीन फलकांवरही तसंच. केलेली पाण्याची सोय. केलेली औषधाची सोय.

लोक रांगेनं येत होते, बघत होते. एक गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होता, "बघ, त्या काळातसुद्धा केवढी व्यवस्था ठेवली होती."

तेवढ्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी शकुंतला पुढं आली. बाईंची बदली झाल्यावर त्यांच्या जागेवर काही वर्षांनी तीच चित्रकला शिक्षिका म्हणून लागली होती. तपकिरीची डबी आणणारी ती हीच. तिनं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "बाई, पट्ट्या मी लिहिल्या. अक्षरं बरी आलीत का? तुम्ही सांगितल्यासारखं अंतर ठेवलं."

बाई म्हणाल्या, "अंतर चांगलं ठेवलंस." मग विचारलं, "मजकूर कुणी दिला?"

"ऑफिसातून आला."

"जुन्या ओळीवर चिकटवलास. खाली काय लिहिलंय ते वाचलंस का?"

शकुंतला गोंधळली. "मी अक्षरं बघत होते, बाई," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात कसलाच कावा नव्हता. म्हणूनच ते इतकं वाईट होतं. बाईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्या पुढं झाल्या आणि पट्टीच्या कोपऱ्यात नख घालून ती ओढायला लागल्या. खळ पक्की बसली होती. पट्टी अर्धी फाटली, खालून 'नियम आहे' एवढंच उघडं पडलं. दोन स्वयंसेवक धावत आले. "ओ बाई, काय करून राहिलात?" एकानं त्यांचा दंड धरला. मी त्याला बाजूला ढकललं. गलका ऐकून तात्यासाहेब आले.

"तात्यासाहेब, ही सोय झाली नव्हती," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "हे पोर उन्हानं मेलं होतं. मेल्यावर मी त्याला काढलंय."

आजूबाजूचे लोक थांबले. तात्यासाहेबांनी हात जोडले, लोकांकडे बघून जरासं हसले आणि बाईंना म्हणाले, "जुनं कशाला उकरायचं, बाई? आता नवा जिल्हा झाला. तुमचा सत्कार हाय, चला."

"सत्कार नको. माझी चित्रं द्या."

"तुमची कशी? शाळेच्या वेळात, शाळेच्या रंगानं काढलेली. ती संस्थेची ठेव हाय. कायम इथंच राहतील, सांभाळून." आणि मग खरोखर मायेनं म्हणाले, "आमी फेकून दिली असती तर?"

व्यासपीठावरून बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या गेल्या नाहीत. शाल आणि नारळ मुख्याध्यापिकेनं त्यांच्या वतीनं स्वीकारला. टाळ्याही झाल्या. त्या घटनेनंतर एक बातमी द्यावी म्हणून मी गावातल्या साप्ताहिकात मजकूर लिहून दिला, चार ओळींचा, एकही विशेषण नसलेला. छापून आला नाही. समारंभाची बातमी मात्र पानभर आली, त्यात ते चित्र होतं आणि पट्टीवरची ओळ होती. फाटलेल्या पट्टीच्या जागी दुसऱ्या दिवशी नवी लागली होती. पुढं संस्थेच्या दिनदर्शिकेवर ते चित्र आलं. लातूरच्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्षभर लटकलं. आजही सभागृहात आहे. नवी पोरंपोरी बघतात, त्यांना ते खरंच वाटतं. का वाटू नये? चित्र इतकं जिव्हाळ्यानं काढलेलं आहे.

त्या दिवशी परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो होतो. मी शकुंतलेची बाजू घेतली. म्हणाले, तिला काय माहीत. बाई म्हणाल्या, "तेच म्हणून राहिले मी. तिला डोळा मी दिला. तिनं माझ्यासारखंच बघितलं. चांगलं अक्षर दिसलं की मी तरी कुठं विचारत होते, हे सांगून काय राहिलंय म्हणून?" मी म्हणाले की हे खरं नाही. त्यांनी मान हलवली. गाडी आली.

देगलूरच्या शाळेत 'आजची वस्तू' बंद झाली. अभ्यासक्रमातला घडा, पान, फुलदाणी, एवढं त्या शिकवत. एकदा मी मुद्दाम एक सुरेख छापलेली बियाण्यांची पिशवी घेऊन गेले होते, खूश होतील म्हणून. त्यांनी ती हातात घेतली आणि विचारलं, "आत बी कसं निघालं?" मला माहीत नव्हतं. त्यांनी पिशवी घडी घालून मला परत दिली. पत्र्याच्या पेटीतले सगळे कागद, पुडे, काडेपेट्यांची झाकणं त्यांनी चुलीत घातल्याचं मला नंतर कळलं. कुणी विचारलं तर सांगत, "पाणी तापवलं."

निवृत्त झाल्यावरही त्या देगलूरलाच राहिल्या. उदगीरला भावाकडे गेल्या नाहीत. मी शेवटचं भेटले ते एका लग्नासाठी नायगावला गेले होते तेव्हा. तिथून पुढं देगलूर गाठलं. दारात उभी राहिले तर त्यांनी मला ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. नांदेडला साधं ऑपरेशन होतं, मी घेऊन जाते, राहते तुमच्याजवळ, असं मी परोपरीनं सांगितलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या.

"दिसायला लागेल, बाई."

"तेच म्हणते. कशाला?"

ज्या बाईनं मला काडेपेटीवरचा वाघ बघायला शिकवलं, ती हे बोलत होती. मी भांडले. त्या ऐकून घेत राहिल्या, भाकरीचा तुकडा चाचपत दुधात बुडवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मोरेबाई, लई बोलून राहिल्यात. तेल तरंगायलं." आणि हसल्या. त्या हसण्यात मला सामील होता आलं नाही.

दुपारी मला पोहोचवायला त्या स्टँडपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. रस्ता पायाखालचा होता. मला गाडीत बसवून त्या परत फिरल्या आणि स्टँडच्या लांब भिंतीला हात लावून चालायला लागल्या. त्या भिंतीवर एक रंगारी स्टुलावर उभा राहून कुठल्याशा खताची जाहिरात रंगवत होता. लाल अक्षरं, माणसाएवढी मोठी, अजून ओली. बाईंचा तळवा त्या अक्षरांवरून फरफटत गेला.

रंगारी वरून ओरडला, "ओ आज्जी! अक्षर पुसलं की माझं! दिसत न्हाई का?"

बाई थांबल्या. हात वर करून तळवा डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, थोडा लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग तो लुगड्याला पुसला आणि भिंत सोडून रस्त्याच्या मधून चालू लागल्या. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, तरी त्या बाजूला झाल्या नाहीत.